मत्स्यालयातील नांगीवाला

घराच्या बैठकीत काचेची टाकी मांडावी, तीत हिरव्या पाणवनस्पती लावाव्यात, दोनचार जातींचे चपळ मासे सोडावेत आणि दिवसभराची दगदग संपल्यावर त्या जलसृष्टीकडे पाहत घटकाभर स्वस्थ बसावे, ही हौस आपल्याकडील शहरवासी कुटुंबांत आता चांगली रुळली आहे. १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा ज्यांनी काचेआडचा मासा तिकीट काढून पाहिला त्यांच्या नातवंडांनी ती काचच घरात आणली. आणि काच घरात आल्यावर तिच्याआड केवळ मासेच असावेत हा जुना शिरस्ताही त्यांनी मोडीत काढला. कुर्ल्याच्या आणि क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून हल्ली गोगलगायी मिळतात, नखाएवढ्या कोळंब्या मिळतात, आणि एखाद्या कोपऱ्यातल्या टाकीत, दोन्ही नांग्या पुढे रोखून, लांबलचक मिशा हालवीत बसलेला, निळ्या, तांबड्या किंवा नारिंगी अंगाचा, शेवंडाच्या जवळच्या नात्यातला एक प्राणीही मिळतो. हाच क्रेफिश.

“घ्या साहेब, टाकी साफ ठेवतो, कुणाच्या वाटेला जात नाही,” असे दुकानदार सांगतो. या विधानाचा पूर्वार्ध अर्धसत्य आहे आणि उत्तरार्ध, क्रेफिशच्या बहुतेक जातींपुरता, साफ खोटा आहे. शोभेसाठी म्हणून आणलेला क्रेफिश, पागडीच्या खोलीत एकदा पाय रोवलेल्या भाडेकरूप्रमाणे, पाहता पाहता संपूर्ण जागेवर वहिवाट सांगू लागतो: वाळू उपसतो, झाडे बुडापासून कापतो, तळाशी राहणाऱ्या माशांना बेदखल करतो. हा त्याचा दुष्टपणा नव्हे, स्वभावधर्म आहे; आणि म्हणूनच वनस्पती, मासे व क्रेफिश ही तिन्ही एकत्र नांदवायची असतील, तर सजवून झालेल्या टाकीत शेवटी क्रेफिश सोडण्याची प्रचलित रीत उलटी करून, प्रथम क्रेफिश कोणत्या जातीचा ठेवायचा ते ठरवावे आणि मग त्याच्या हिशेबाने टाकीची आखणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राणिशास्त्राच्या दफ्तरी क्रेफिशची नोंद कवचधारी दशपाद प्राण्यांत, म्हणजे कोळंबी, शेवंड आणि खेकडे यांच्याच गोतावळ्यात होते. मात्र शेवंडाचा संसार खाऱ्या पाण्यात आणि याचा गोड्या. त्याच्या सहाशेहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या उत्तर अमेरिकेत आहेत. उरलेल्या युरोप, पूर्व आशियाचा काही भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि मादागास्कर येथे विखुरलेल्या आहेत. भारतात मूळचा असा एकही क्रेफिश नाही. आपल्याकडील ओढ्यानाल्यांत ती जागा सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांनी आणि नद्यांतील झिंग्यांनी व्यापलेली आहे. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

विद्वानांच्या दरबारात या प्राण्याची प्रतिष्ठा मोठी आहे. टॉमस हेन्री हक्सली याने १८८० साली क्रेफिशवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि एका सामान्य जलचराच्या आधारे प्राणिशास्त्राचे सर्व मूलभूत प्रश्न कसे उलगडता येतात ते दाखवून दिले. युरोप-अमेरिकेतील विद्यार्थी पुढे पिढ्यान्‌पिढ्या क्रेफिश चिरून शिकले. आपल्या महाविद्यालयांत क्रेफिश मिळेना, म्हणून तो मान नदीतल्या झिंग्याला मिळाला, आणि ज्यांनी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतले होते त्यांच्या बोटांना त्या झिंग्याचा वास अजून आठवत असेल. मानसशास्त्राचा पुढे महर्षी ठरलेला सिग्मंड फ्रॉइड यानेही उमेदवारीच्या काळात, १८८२ साली, क्रेफिशच्या मज्जातंतूंच्या रचनेवर निबंध लिहिला होता. योगायोग असा की २०१४ साली फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी क्रेफिशला सौम्य विजेचे धक्के दिले, तेव्हा तो उजेडाच्या वाटा टाळून अंधाऱ्या कोपऱ्यांतच बसू लागला, आणि माणसाला चिंता शमवण्यासाठी दिले जाते ते औषध टोचल्यावर पुन्हा उजेडात हिंडू लागला. चिंतेचा हा आद्य नमुना फ्रॉइडच्या टेबलावरच पडलेला होता, पण त्याने तो निराळ्या कारणासाठी चिरला.

या प्रयोगाचा घरगुती टाकीशी जवळचा संबंध आहे. क्रेफिश हा निशाचर आणि आडोसाप्रिय प्राणी आहे. त्याला पाठ टेकायला बीळ नसेल तर तो सतत धास्तावलेला राहतो, आणि धास्तावलेला क्रेफिश समोर येईल त्यावर नांगी उगारतो. त्यामुळे टाकीत जितके क्रेफिश असतील त्यांहून निदान एक आडोसा अधिक असावा, हा पहिला बंदोबस्त. त्यासाठी दुकानातले रंगीत किल्ले विकत घेण्याची गरज नाही. नारळाची करवंटी घासून, उकळून, कडेला खाच पाडून पालथी घातली किंवा नळकामातला पाइपाचा तुकडा वाळूत अर्धवट पुरला, तरी तो प्राणी तो महाल समजून राहतो. दगडांच्या बाबतीत मात्र दक्षता हवी. दगड वाळूवर ठेवला तर क्रेफिश त्याखालची वाळू रात्रभर उपसतो आणि एके दिवशी दगड त्याच्याच अंगावर किंवा काचेवर कोसळतो. सबब जड दगड प्रथम टाकीच्या तळावर पक्के बसवावेत आणि वाळू नंतर भोवताली पसरावी. झाकणही घट्ट हवे. कल्ल्यांत ओल असेतोवर क्रेफिश पाण्याबाहेर तासन्‌तास जगू शकतो, हवेच्या नळीला धरून वर चढतो, आणि सकाळी सोफ्याखाली धूळ माखलेल्या अवस्थेत सापडतो.

पाण्याचा विषय आपल्याकडे थोडा निराळा मांडावा लागतो. क्रेफिशचे कवच चुन्याचे असते आणि तो चुना त्याला अन्नातून व पाण्यातून मिळवावा लागतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येणारे पाणी पिण्यास उत्तम, परंतु मृदू, क्षारांनी गरीब. याउलट दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी इतके जड की भांड्यांवर पांढरे थर चढतात. माशांच्या हौशीला जड पाणी खटकते, क्रेफिशच्या हौशीला ते चालते. मृदू पाण्याच्या गावी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेसाचा तुकडा आणून टाकीत टाकावा. तो हळूहळू विरघळतो, आणि क्रेफिश तो कुरतडूनही खातो. शुद्धीकरण यंत्राचे क्षारहीन पाणी स्वच्छतेच्या कल्पनेने टाकीत भरणे, ही मात्र त्या प्राण्याची उपासमार आहे. नळाचे पाणी भरताना त्यातील क्लोरिन उडून जाईल अशी तजवीज करावी आणि नवी टाकी भरल्यावर चारसहा आठवडे धीर धरावा, कारण विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे निरुपद्रवी क्षारांत रूपांतर करणारे जिवाणू गाळणीच्या स्पंजात वसायला तेवढी मुदत लागते. मासे पाळणाऱ्यांना हे सर्व ठाऊक असते.

त्यांना जे ठाऊक नसते ते तांब्याविषयी. क्रेफिशच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहाऐवजी तांबे करते, त्यामुळे त्याचे रक्त निळसर असते; आणि तरीही पाण्यात विरघळलेले तांबे त्याला अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरते. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले की जी औषधे टाकीत ओतली जातात त्यांपैकी काहींत तांब्याचे क्षार असतात, आणि मासे बरे होत असताना क्रेफिश मरून पडतो. दुसरा शत्रू आपल्या घरोघरी, संध्याकाळ झाली की, विजेच्या खुंटीवर तापत असतो. डास मारण्याची वडी, कुपी, फवारा, झुरळांसाठी ओढलेली खडूची रेघ, या सर्वांत प्रायः अशी रसायने असतात की जी कीटकांइतकीच कवचधारी प्राण्यांना बाधतात. आणि टाकीचा हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलत असतो. ज्या खोलीत क्रेफिश आहे त्या खोलीत डासांचा बंदोबस्त जाळीने आणि मच्छरदाणीने करावा, अन्य मार्ग मला दिसत नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या पाणवनस्पतींवरही कीटकनाशक फवारलेले असू शकते. त्या निराळ्या बादलीत, पाणी बदलत, काही दिवस ठेवून मगच टाकीत लावाव्यात. उष्णतेविषयी एवढेच, की बहुतेक जातींना १८ ते २४ अंश सेल्सियस पाणी मानवते आणि विदर्भातला मे महिना त्यांच्यासाठी घडवलेला नाही. झाकणाऐवजी घट्ट जाळी बसवून पाण्याच्या पृष्ठावर छोटा पंखा सोडला तर पाणी दोनतीन अंश उतरते.

क्रेफिश पाळण्यातील सर्वांत रोमहर्षक, आणि नवख्याला सर्वांत भयचकित करणारा प्रसंग म्हणजे कात टाकणे. कवच वाढत नाही, अंग वाढते. म्हणून लहान क्रेफिश वरचेवर आणि प्रौढ वर्षातून एकदोनदा जुने कवच सोडून नवे धारण करतो. काही दिवस आधी तो खाणे सोडतो, बिळात दडतो, त्याचा रंग मंदावतो. या अवधीत जुन्या कवचातील चुना परत खेचून तो जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या, एका बाजूने चपट्या खड्यांच्या रूपाने साठवला जातो. युरोपातील जुने वैद्य हे खडे ‘खेकड्याचे डोळे’ या नावाने औषध म्हणून विकत असत. मी एका स्नेह्याच्या टाकीत हा विधी अगदी काचेलगत पाहिला. प्राणी कुशीवर कलंडला आणि मेला असे वाटून स्नेह्यांच्या मुलाने जाळी हातात घेतली. तेवढ्यात पाठीचे ढालीसारखे कवच आणि शेपटीचा पहिला खंड यांमधील पातळ पडदा आडवा फाटला, त्या फटीतून ओलसर, फिकट निळी पाठ फुगून वर आली, डोळे जुन्या डोळ्यांच्या टोप्यांतून मागे सरकले, आणि मग नांग्यांची पाळी आली. नांगीचा मांसल पंजा मनगटाच्या अरुंद सांध्यातून ओढून काढायचा असतो. तो आखडून, मऊ होऊन, थोडाथोडा मागे येत होता आणि प्रत्येक ओढीनंतर प्राणी निश्चल पडत होता. शेवटी शेपटीचा एकच फटकारा बसला आणि तो मोकळा होऊन मागे उडाला. वाळूवर उरले ते मिशांसकट, पायांसकट, जठराच्या अस्तरासकट संपूर्ण दुसरे शरीर, आत काही नसलेले.

ते कवच घाण समजून काढून टाकू नये. साठवलेले दोन खडे जठरात विरघळून प्रथम तोंडाचे अवयव कठीण करतात, आणि मग हा प्राणी आपलेच जुने कवच खाऊन उरलेला चुना वसूल करतो. आणखी एक मौज आहे. क्रेफिशच्या लहान मिशांच्या बुडाशी तोल सांभाळणारी एक पोकळी असते आणि तीत वाळूचे कण असतात. त्या कणांच्या भारावरून वर कोणते व खाली कोणते हे त्याला कळते. कात टाकताना ते कणही जातात, आणि नवे कण त्याला तळाच्या वाळूतून भरून घ्यावे लागतात. क्राइडल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८९३ साली, याच्याच भाऊबंदांपैकी एका कोळंबीच्या टाकीत वाळूऐवजी लोखंडाचा कीस पसरला. कोळंबीने तो निमूटपणे भरून घेतला, आणि वरून चुंबक धरताच ती उलटी होऊ लागली. काही हौशी लोक सफाईच्या सोयीसाठी तळ कोराच, नुसत्या काचेचा ठेवतात. त्यांनी निदान बशीभर बारीक वाळू तरी टाकीत ठेवावी. तुटलेली नांगीही याच क्रमाने, कात टाकता टाकता, पुन्हा उगवते. आरंभी ती बाहुलीच्या हातासारखी चिमुकली दिसते आणि दोनतीन खेपांनंतर जोडीला येते.

कात टाकल्यावर काही दिवस हा शूर शिपाई मेणासारखा मऊ असतो, आणि येथेच माशांचा प्रश्न उभा राहतो. माशांच्या निवडीत लोक एकाच बाजूचा विचार करतात, की क्रेफिश माशाला खाईल काय. वस्तुतः मासा क्रेफिशला खाईल काय हाही तितकाच जागता प्रश्न आहे. मोठे सिक्लिड मासे एरवी नांगीला भितात, पण मऊ पडलेल्या क्रेफिशच्या चिंधड्या करतात. उलटपक्षी, लांब झालरीच्या पंखांचे गोल्डफिश आणि फायटर, संथ गप्पी, तळाशी निजणारे लोच व कोरीडोरस हे क्रेफिशच्या नांगीत आज ना उद्या सापडतातच. दिवसा नव्हे, रात्री, दिवा मालवल्यावर. म्हणून पाण्याच्या मधल्या व वरच्या थरात राहणारे, चपळ, आखूड पंखांचे मासे निवडावेत. गंगेच्या खोऱ्यातला झेब्रा डॅनिओ यासाठी फार चांगला. पश्चिम घाटातल्या ओढ्यांत राहणारा मोठा मलबार डॅनिओही चांगला, मात्र त्याला लांब टाकी हवी. केरळातल्या नद्यांमधील, अंगावर तांबडी रेघ असलेला एक देखणा मासा या हौशीपायीच जगभर प्रसिद्ध झाला आणि हौशीपायीच संकटात आला. २०१३ साली त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असे नाव देण्यात आले. आपल्या पर्वताचे नाव धारण करणारा तो मासा रानातून पकडून आणलेला असेल तर घेऊ नये, संवर्धन केलेला असेल तरच घ्यावा.

वनस्पतींविषयी दुकानदाराचे मौन बोलके असते. फ्लोरिडातील निळा क्रेफिश, लुइझियानातील तांबडा क्रेफिश, ऑस्ट्रेलियातील तांबड्या नांगीचा क्रेफिश, हे हातभर नाही तरी वीतभर वाढणारे प्राणी वनस्पती खातात. आणि खाण्याहून अधिक कापतात. संध्याकाळी लावलेली वॉलिस्नेरियाची लांब पाती सकाळी पृष्ठभागावर तरंगताना दिसतात आणि बुडख्याशी स्वच्छ छेद असतो. अशा टाकीत मऊ, मुळांवर उभ्या राहणाऱ्या झाडांचा हट्ट सोडावा. जावा फर्न आणि अनुबियास यांची पाने चिवट असतात, त्यांना मातीही लागत नाही. लाकडाच्या ओंडक्यावर दोऱ्याने बांधून टाकीच्या मधल्या उंचीवर ठेवली, की बहुधा शाबूत राहतात. जावा मॉसचे गुच्छ दगडावर बांधावेत. हायड्रिलासारखी झपाट्याने वाढणारी वनस्पती तर सरळ खुराक म्हणूनच टाकावी. वाढीचा वेग क्रेफिशच्या भुकेहून अधिक असला तर टाकी हिरवी दिसते. खुराकाचा प्रश्न निघाला आहे म्हणून सांगतो, की रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आपल्या देशी बदामाची वाळलेली, तांबूस झालेली पाने धुऊन टाकीत टाकली तर क्रेफिश ती शिरा उरेपर्यंत खातो. परदेशातले हौशी लोक हीच पाने पाकिटांतून, मोजून, दाम देऊन विकत घेतात. त्याखेरीज तळाशी बुडणाऱ्या गोळ्या, उकडलेल्या गाजराची चकती, मटारचे सोललेले दाणे, आठवड्यातून एखादा कोळंबीचा तुकडा, एवढे पुरे. उरलेले सकाळी काढून टाकावे.

इतक्या अटी ऐकून ज्यांचा उत्साह मावळला असेल त्यांच्यासाठी, किंबहुना वनस्पती आणि मासे यांच्यावर ज्यांचे खरे प्रेम आहे अशा सर्वांसाठीच, एक तोड आहे. मेक्सिकोतील मिचोआकान प्रांतात, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंचीवर पात्स्क्वारो नावाचे सरोवर आहे. तेथील एक बुटका क्रेफिश जेमतेम चार सेंटिमीटर वाढतो. मूळचा तो तपकिरी, करडा. नेदरलँड्समधील हौशी संवर्धकांनी १९९०च्या दशकात निवड करीत करीत त्याचा गडद नारिंगी वाण सिद्ध केला, आणि आज दुकानांत मिळतो तो बहुतांशी हाच. याच्या नांग्या सडपातळ असतात, झाडे कापण्याचे बळ त्यांत नसते, आणि तो पानांवरचे शेवाळ, सडका पाला, गोगलगायींची पिल्ले, माशांच्या खाण्यातला सांडलेला चुरा यांवर निर्वाह करतो. ज्या टाकीत मोठा क्रेफिश सोडणे म्हणजे बागेत नांगर घालणे ठरले असते, त्याच दोन फुटी टाकीत हे बुटके चारपाच जण मॉसच्या गालिच्यावर सुखाने हिंडतात. दिवसाही हिंडतात, ही त्यांची विशेष मेहेरबानी. मोठ्या जातीचा क्रेफिश तीन फुटी टाकीत एकटाच ठेवावा लागतो, कारण दुसऱ्याशी त्याचा हद्दीचा कज्जा कधी मिटत नाही. बुटक्यांतही नरांची झोंबाझोंबी होते, परंतु ती बहुधा नांग्या पसरून, अंग उंचावून, एकमेकांना आकार दाखवण्यावर निभावते. यांच्या सोबतीला रासबोरा किंवा डॅनिओ यांसारखे लहान मासेच ठेवावेत, नाहीतर येथे खाद्य क्रेफिशचे होईल. तो दीड-दोन वर्षे जगतो. थंड प्रदेशातला असल्यामुळे त्याला उन्हाळा बाधतो, एवढीच त्याची तक्रार.

याची वीण टाकीतच होते. मादी वीस ते साठ अंडी घालते आणि ती शेपटीखालच्या पोहण्याच्या पायांना चिकटवून तीनचार आठवडे वागवते. त्या पायांनी अंड्यांना अखंड वारा घालत असते, मधूनच मागच्या पायाने एखादे खराब अंडे वेचून काढते. आपल्या मोठ्या झिंग्याची पिल्ले खाडीच्या मचूळ पाण्यावाचून वाढत नाहीत. क्रेफिशची पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात ती आईबापांचीच चिमुकली प्रतिकृती असतात, आणि काही दिवस आईला लोंबकळून मग टाकीत पसरतात. त्यांतली बरीच माशांच्या पोटात जातात, आणि संख्येचा विचार करता ते ठीकच आहे.

कारण संख्या हाच या सगळ्या हौशीतला खरा धोका आहे, आणि येथे, भारतात मूळचा क्रेफिश नाही, या आरंभीच्या तपशिलाचे काम पडते. १९९०च्या दशकाच्या मध्यास जर्मनीतील मत्स्यालयांच्या व्यापारात संगमरवरी ठिपक्यांचा एक क्रेफिश आढळू लागला. त्यात नर नव्हतेच. प्रत्येक प्राणी मादी, आणि प्रत्येक मादी नराशिवाय शेकडो अंडी घालून स्वतःच्याच जनुकीय नकला निर्माण करणारी. २००३ साली शास्त्रज्ञांनी हा प्रकार प्रसिद्ध केला तेव्हा सर्व चकित झाले. तोवर पिल्ले नकोशी झालेल्या हौशी लोकांनी ती जवळच्या तळ्यांत सोडायला आरंभ केला होता. कोणा एकाच्या हातून हा प्राणी मादागास्करला पोहोचला. तेथे २००७ ते २०१७ या दहा वर्षांत त्याने व्यापलेले क्षेत्र शंभरपटीने वाढले, भाताची खाचरे त्याने भरून गेली.

लुइझियानाच्या तांबड्या क्रेफिशची कथा याहून जुनी आहे. तो १९२७ साली बैल-बेडकांचे खाद्य म्हणून जपानात कामाकुरा येथे आणला गेला आणि देशभर पसरला. १९७०च्या सुमारास केनियाच्या नैवाशा सरोवरात सोडला गेला आणि तेथील पाणवनस्पतींचा त्याने फडशा पाडला. १९७३-७४ साली स्पेनमध्ये गेला आणि भातशेतीच्या बांधांत बिळे पाडू लागला. अमेरिकी क्रेफिशच्या अंगावर एक बुरशीसदृश रोगजंतूही असतो, जो त्याला स्वतःला सहसा मारीत नाही पण युरोपातील मूळच्या जातींचे नदीच्या नदीत निर्मूलन करतो. इटलीत तो रोग प्रथम १८५९ साली दिसला. युरोपीय संघाने २०१६ साली पाच जातींचे क्रेफिश बाळगण्यास आणि विकण्यास मनाई केली, संगमरवरी त्यांपैकी एक. तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी टाकी मांडण्यापूर्वी स्थानिक कायदा पाहावा. जपानने व्यवहारी वाट काढली: १ जून २०२३पासून तांबडा क्रेफिश घरी पाळता येतो, विकता येत नाही, आणि पाण्यात सोडणे हा गुन्हा आहे.

परदेशी जीव आपल्या पाण्यात आला की काय होते हे आपल्याला परक्यांनी सांगायला नको. पंचगंगेवर आणि इंद्रायणीवर पसरलेली जलपर्णी दक्षिण अमेरिकेची आहे, उजनीच्या जाळ्यांत येणारी चिलापी आफ्रिकेची आहे, आणि टाकीची काच चाटतो म्हणून कौतुकाने आणलेला सकर मासा आज देशातील अनेक जलाशयांत कोळ्यांची जाळी फाडतो आहे. क्रेफिशला तर कोकणातले आणि भंडाऱ्यातले भाताचे खाचर घरच्यासारखे वाटेल, आणि आपले खेकडे बांध पोखरतात त्यात त्याची भर पडेल. म्हणून संगमरवरी क्रेफिश कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. इतर जातींत नर-मादी ओळखता येतात; उत्तर अमेरिकेतील जातींत नराच्या शेपटीखालच्या पायांच्या पहिल्या दोन जोड्या कठीण होऊन पुढे वळलेल्या असतात. वीण नको असेल तर एकाच लिंगाचे प्राणी ठेवावेत. अधिक झालेले दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत किंवा दुकानात परत करावेत. गणपतीच्या विसर्जनाला तलावावर जाताना मुलांच्या हाती टाकीतला प्राणी देऊन ‘मुक्त’ करण्याची जी एक भाबडी चाल काही घरांत दिसते, ती बंद झालीच पाहिजे. टाकीचे बदललेले पाणीही नाल्यात ओतू नये, कारण बोटाच्या पेराहून लहान पिल्ले त्यातून निसटून जातात. ते बारीक फडक्यातून गाळून गच्चीतल्या कुंड्यांना घालावे. त्यातला नत्र झाडांना चालतो.